फोन डब्यात, गोडी मनात (गीता २.५८–५९)



स्थितप्रज्ञाची लक्षणं चालू आहेत. शनिवारी आपण ५७ वा श्लोक पाहिला. मधला रविवार नेहमीसारखा रिकामा गेला. काही जणांनी विचारलंही, की दादा, रोजचं चिंतन म्हणता आणि दर रविवारी गायब कसे असता? आजच्या दोन श्लोकांत त्याचं उत्तर आहे, म्हणून आज जरा लांबण लागणार. चहा घेऊन बसा.

आधी अर्थ. ५८ व्या श्लोकात कासव येतं. कासव जसं आपले पाय, मान सगळीकडून आत ओढून घेतं, तसा जो आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर झाली असं समजावं. ५९ वा श्लोक लगेच पाय ओढतो. भगवंत म्हणतात, जेवणच बंद केलं तर विषय समोरून जातात खरे, पण त्यांची गोडी मागे राहते. ती गोडी जाते ती परतत्त्वाचं दर्शन झाल्यावर.

मी जवळजवळ वर्षभर फक्त ५८ वा श्लोक वाचून जगलो. ५९ वा पाठ होता, पण वाचलेला नव्हता. पाठ असणं आणि वाचलेलं असणं यात किती अंतर असतं ते तुम्हालाही माहीत असेल.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातली. आमचं कुलदैवत खंडोबा. आजी तेव्हा आमच्याकडे पुण्यात होती. रविवारची दुपार, जेवणं झालेली, आजी खाली बसून तांदूळ निवडत होती आणि मी सोफ्यावर. चंपाषष्ठी तीन-चार आठवड्यांवर आली होती. आजी म्हणाली, "या वर्षी तळी नीट भर रे बाबा, तुझ्या बापाला नि काकांना मी दारातनं सांगते तवा जमतं. मी नसल्यावर काय करणार?" आणि सांगायला लागली. ताटात काय काय, कुठल्या क्रमाने, ताट कोणी आधी धरायचं, किती वेळा उचलायचं, खाली टेकवताना खाली काय ठेवायचं, दिवटी कोणी धरायची, मधे काय म्हणायचं.

मी "हं, हं" करत होतो. हातात फोन होता. ऑफिसचं काही पेटलं असतं तर एक वेळ समजलं असतं. तसं काही नव्हतं. त्या आठवड्याची ड्युटी माझी नव्हतीच, तरी टीमच्या चॅटवर रिलीज कसं चाललंय ते मी बघत होतो, आणि मधेमधे एका हेडफोनच्या किमती तीन साइटवर ताडून पाहत होतो. आजी अर्ध्यात थांबली. रागावली वगैरे नाही. "तुझं चालू दे, मग सांगते," म्हणाली आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवायला लागली.

त्याच महिन्यात आजी गेली. वर्षभर सणवार केले नाहीत. पुढच्या वर्षी चंपाषष्ठीला बाबा, दोन्ही काका, चुलतभाऊ आणि मी असे पाच जण ताट धरून बसलो. विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा, सगळं होतं. भरीत-रोडग्याचा नैवेद्य तयार होता. आणि पुढे काय, ते कुणालाच ठामपणे सांगता येईना. चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून एक आवाज यायचा आणि त्या आवाजावर हे तिघे भाऊ ताट उचलायचे, टेकवायचे. मोठे काका म्हणतात तीन वेळा, बाबा म्हणतात पाच. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "शेवटी शेवटी ती तुझ्याकडंच होती. तुला काही बोलली का?"

बोलली होती. सगळं बोलली होती. त्या हेडफोनची किंमत मला आजही आठवते.

शेवटी चुलतभावाने फोन काढला, एक व्हिडिओ लावला आणि कुणातरी दुसऱ्याच घरची तळी बघून आम्ही आमच्या घरची तळी भरली.

त्यानंतर मी ठरवलं, आठवड्यातून एक दिवस फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळं बंद. शनिवारी दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा आणि फोन बंद करून लाडवांच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा. रविवारी दिवेलागणीला डबा उघडायचा. ५८ वा श्लोक फ्रिजवर चिकटवला. कासव!

पहिल्या रविवारी जे झालं ते खरं सांगतो. सकाळी उठल्या उठल्या हात उशीखाली गेला. दात घासताना खिशावर गेला. फोन नसलेल्या मांडीला व्हायब्रेशन जाणवलं, एकदा नाही, चार-पाचदा. दहा वाजता मुलीवर विनाकारण ओरडलो. अकराला झोप आली, कारण करण्यासारखं काही सुचेना. दुपारभर मनात चॅटवर कोण काय म्हणालं असेल याचे अंदाज बांधत बसलो. संध्याकाळी दिवेलागणीच्या वीस मिनिटं आधीच डबा उघडला (ढग आले होते, अंधारून आलं होतं, म्हणजे दिवेलागण झालीच की!). आणि मग रात्री दीड वाजेपर्यंत तो फोन हातातून सुटला नाही. आपल्याकडे म्हणतात ना, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याच्या खिचडीवर पोसलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजवायला नको.

हाच ५९ वा श्लोक. विषय डब्यात होता, गोडी डब्याबाहेर होती.

तिसऱ्या अध्यायात सहाव्या श्लोकात तर भगवंत याहून कडक बोलतात. हातपाय आवरून बसलेला आणि मनाने विषयच चघळणारा जो आहे, त्याला ते सरळ ढोंगी म्हणतात. मी माझे पहिले पाच-सहा रविवार आठवतो तेव्हा दुसरा शब्द सापडत नाही.

माउलींनी ५९ व्या श्लोकावर जे लिहिलंय ते यासाठी वाचलंच पाहिजे. ते म्हणतात, बाकीची इंद्रियं आवरली पण जीभ मोकळी सोडली, तर विषय हजार वाटांनी माणसाला धरतात. दाखला झाडाचा आहे. वरवरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, तर झाड मरेल कसं? उलट त्या पाण्याच्या जोरावर ते आडवं पसरतं. माझी रविवारची रात्र म्हणजे ते आडवं पसरलेलं झाड. माउलींच्या काळी गोडीचं दार जीभ होती. आपली जीभ आता अंगठ्यात उतरलीय, एवढाच फरक.

मग मुळाला पाणी कोण घालतंय? इथे मला माझ्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल. स्क्रीन खाली ओढली की नवं काहीतरी येतं. कधी येतं, कधी येत नाही. दर वेळी आलं असतं तर आपल्याला कंटाळा आला असता, कधीच आलं नसतं तर आपण सोडून दिलं असतं. कधी येतं कधी नाही, म्हणून आपण ओढत राहतो. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. दुसरं म्हणजे, ताटाला काठ असतो, फीडला नसतो. ताट संपलं की पोटाला कळतं, फीड संपतच नाही. एका जुन्या नोकरीत मी स्वतः असा कोड लिहिलाय, की कुणाला किती वाजता नोटिफिकेशन पाठवलं तर तो परत ॲप उघडतो हे मोजायचं आणि त्या वेळेला पाठवायचं. कोड चांगला चालला. मला शाबासकी मिळाली. त्या आकड्यांत कुणाच्या तरी आजीची दुपार असेल हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

पण सगळा दोष यंत्राला देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. रील्स मी फार बघत नाही. माझी गोडी वेगळी होती, आणि ती ओळखायला मला तीन-चार महिन्यांचे रविवार लागले. त्या कार्तिकातल्या दुपारी ड्युटी नसताना मी चॅट का बघत होतो? कारण कुणीतरी अडेल, मला विचारेल, मी उत्तर देईन आणि सगळे म्हणतील, हा होता म्हणून निभावलं. माझ्यावाचून अडतं, ही ती गोडी. आणि रविवारी फोन बंद ठेवायला लागल्यावर जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचली ती ही की काहीही अडलं नाही. एकही सोमवार असा उगवला नाही की माझ्या नसण्याने आकाश कोसळलं होतं. सुरुवातीला मला याचं चक्क वाईट वाटायचं! सोमवारी सकाळी मी चॅट उघडायचो तो जवळजवळ या आशेने की काहीतरी बिघडलेलं असावं.

मंडळी, तुमची गोडी कदाचित दुसरी असेल. कुणाला आपण मागे पडू ही भीती, कुणाला एकटेपणा, कुणाला नुसती चव. मला एवढंच कळलंय की आठवड्याचा एक दिवस फोन बंद केल्याने ती गोडी जात नाही. ती दिसते. फोन चालू असताना ती दिसतच नाही, कारण लागली की लगेच भागवली जाते. भुकेची जाणीव व्हायला दोन जेवणांत अंतर लागतं, तसं काहीसं.

आता श्लोकाचा उरलेला भाग. परतत्त्व पाहिल्यावर गोडीही जाते. तिथे पोचलेला मी नाही, हे सांगायला नको. पण त्या ओळीतून एक साधी दिशा मात्र मिळते. नुसतं काढून टाकून जागा रिकामी ठेवली तर तिथे तेच परत येतं. दिवस कुणाला तरी दिलेला असावा लागतो. माझ्या पहिल्या रविवारांत फोन काढला होता, पण तो दिवस कुणाचाच नव्हता. म्हणून अकराला झोप यायची.

आणि गंमत म्हणजे, रविवार कुणाचा हे शोधायला मला लांब जावंच लागलं नाही.

रविवार खंडोबाचा वार. हे घरात लहानपणापासून ऐकलेलं. पण महाराष्ट्रातल्या कामगाराला रविवारची सुटी मिळाली त्यामागेही खंडोबा आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे, 'दीनबंधु' चालवणारे. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम असायचं आणि आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. १८८४ मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, ५ हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. मागण्या किती साध्या होत्या बघा. रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. मिळालं का? सहा वर्षं लागली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १० हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली. रविवारच का, तर आमच्या दैवताचा, खंडोबाचा तो वार आहे, असं लोखंड्यांनी मांडलं होतं असं सांगतात.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ गप्प होतो. ज्यांना कुणी सुटी देत नव्हतं त्यांनी सहा वर्षं भांडून, देवाच्या नावाने, एक दिवस मिळवला. आणि ती सुटी आयती मिळालेला मी, कुणी न सांगता, ड्युटी नसताना, गिरणी खिशात घालून सोफ्यावर बसलो होतो. समोर आजी त्याच खंडोबाची तळी सांगत होती.

दुसरी एक आठवण आपल्या कोकणातली आहे, तीही सांगतो, कारण ती माझ्या एका चुकीला लागू पडली. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात बेने इस्रायली समाज कित्येक शतकं राहत होता. यहुदी धर्माचे, घरात मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. त्यांच्या धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नावच पाडलं, शनवार तेली. विचार करा, मूळ देशापासून इतकं लांब, आजूबाजूला कुणी त्या धर्माचं नाही, धंदा रोजचा, तरी एक दिवस घाणा फिरला नाही, आणि त्यावरूनच लोक त्यांना ओळखायला लागले. त्यांच्या धर्मग्रंथातली ती आज्ञा मी वाचली तेव्हा एका गोष्टीवर थबकलो. विश्रांती फक्त घरधन्याला सांगितलेली नाही. नोकराला, मोलकरणीला, दारात आलेल्या परक्याला, बैलाला, गाढवाला, सगळ्यांना. कारण दिलंय, की तुम्ही स्वतः एकेकाळी मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका. म्हणजे शनिवारी घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापडंही निघत असणार.

माझी चूक ही, की माझ्या घरच्या घाण्याला मी दुसऱ्यालाच जुंपलं होतं. दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "अरे, उपास तुझा आणि फराळ मी करायचा का?" मला आधी कळेना. मग तिने मोजून दाखवलं. माझा फोन बंद म्हणून माझ्या आईचे फोन तिला. मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरचे निरोप तिला. गॅसवाला, सोसायटीचा वॉचमन, माझा मित्र "तो कुठंय" म्हणून, सगळे तिलाच. माझ्या साधनेचा भार दुसऱ्याच खांद्यावर. आता आम्ही असं केलंय की एक साधा बटणांचा फोन घरात चालू असतो, तो नंबर फक्त आईबाबा, सासूसासरे आणि शेजारच्या काकूंकडे आहे. आणि तो उचलायचं काम रविवारी माझं. बायकोने स्वतःचा फोन पूर्ण दिवस बंद करायला साफ नकार दिला, सकाळी दहा ते चार ठेवते बंद. ते तिचं ती ठरवेल. बाहेरून जेवण मागवणं आपोआपच बंद झालं, त्यामुळे आमच्यामुळे निदान एक पोरगा तरी उन्हात जिने चढत नाही. ऑफिसात मी रविवार सोडतो त्याच्या बदल्यात शुक्रवारची रात्र घेतो. माझ्या विश्रांतीसाठी कुणीतरी जागं राहतंय हे विसरून ती विश्रांती देवाला अर्पण करणं मला जमत नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न मला माहीत आहे, कारण तो मला दर आठवड्याला येतो. "हरिपाठ फोनवर, ज्ञानेश्वरी फोनवर, काकड्याचं लाइव्ह दर्शन फोनवर, जपाची मोजणीसुद्धा फोनवर. मग फोन बंद म्हणजे भक्तीच बंद!" मी वाद घालत नाही. पुण्या-मुंबईच्या लोकलमध्ये, बंगळूरच्या हॉस्टेलवर, पहाटे शिकागोच्या बर्फात ज्यांना माउली फोनमुळेच भेटतात, त्यांना मी काय सांगणार. हे चिंतनही तुम्ही फोनवरच वाचताय. पण एकदा करून बघा. हरिपाठ लावताना वरून येणारी सूचना तुम्ही किती वेळा अंगठ्याने बाजूला सारता ते मोजा. मी मोजलं होतं, आकडा सांगत नाही. आता रविवारी आजोबांची पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली ज्ञानेश्वरी काढतो. पान उलटायला वेळ लागतो, शब्द अडतो तिथे अडूनच बसावं लागतं. एका रविवारी बारा ओव्या होतात, कधी चारच.

रोख पैसे काढून ठेवावे लागतात, हे मात्र लक्षात असू द्या. यूपीआयशिवाय पहिल्या रविवारी मी भाजीवाल्या मावशींसमोर मठ्ठासारखा उभा होतो. मावशी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी द्या, कुठं पळताय." त्या रविवारपर्यंत मला त्यांचा आवाजही माहीत नव्हता, दर वेळी स्पीकरच्या डबीतून "पैसे मिळाले" एवढंच ऐकून मी निघायचो.

कासवाकडे परत येतो. मूळ श्लोकात कासव अवयव आवरतं एवढंच आहे. माउली त्यात एक भर घालतात. कासव खुशीत असलं की अवयव पसरतं आणि मनात आलं की आवरून घेतं, दोन्ही स्वतःच्या मर्जीने. मला हे फार आवडतं. कायमचं आत जाऊन बसलेलं कासव म्हणजे दगड. आपल्याला सहा दिवस फोनवर काम करायचंय, पोट त्यावर आहे, भाऊबंद त्यावर आहेत. प्रश्न एवढाच की आत ओढून घ्यायची वेळ आली तर पाय ऐकतात का. हे बघायला वारंवार ओढून बघावं लागतं. वर्षातून एकदा विपश्यनेसारखं दहा दिवस गप्प बसणं चांगलंच, पण पाय रोज अंगाबाहेर असतात, आणि दहा दिवसांचा सराव अकराव्या महिन्यापर्यंत माझ्याच्याने तरी टिकला नाही. आठवडा हे माप मला झेपतं.

जेजुरीला गेलात की गडावर देवळासमोर ते भलंमोठं, पितळेच्या पत्र्याने मढवलेलं कासव आहे, भंडाऱ्याने पिवळं झालेलं. लोक त्याच्यावरच तळी भरतात. लहानपणी बाबा मला त्याच्या पाठीवर उभं करायचे. देवळात शिरण्याआधी प्रत्येकाला त्याच्याकडे बघावं लागतं, आणि बहुतेक जण त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. मीही काढलाय, दोनदा.

गेल्या चार-पाच रविवारांपासून मी एक काम हातात घेतलंय. आजोबांच्या धाकट्या बहिणीला, आत्याआजीला, भेटायला जातो. सासवडच्या पुढे गावाला असते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, कानाने कमी. आमच्याच घरात जन्मलेली, म्हणजे आजी सून होऊन येण्याआधीची तळी तिने पाहिलेली. एसटीने जातो, फोन पुण्यात डब्यात. सोबत शंभर पानी वही आणि मुलगी. पहिल्या खेपेला आत्याआजीने तळीचं काही सांगितलंच नाही. तिच्या सासरची भांडणं सांगितली, दोन तास. मधे मला तीनदा जांभई आली आणि खिशाकडे हात गेला. खिसा रिकामा होता, म्हणून बसून राहिलो. तिसऱ्या खेपेला तिने आपणहून विषय काढला. ताट खाली टेकवायचं ते घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाच्या टोपीवर, हे तिने सांगितलं. हे ना बाबांना माहीत होतं ना काकांना. उचलायचं तीन वेळा. म्हणजे काका बरोबर होते, बाबांना अजून सांगितलेलं नाही.

काल पाचवी खेप होती. दिवटी कोण धरतं तेही वहीत आलं. टोपी मुलाचीच का, माझी का नाही, असं मुलीने विचारलं, तर आत्याआजी हसली आणि म्हणाली, "देवाला काय, डोकं असलं म्हंजे झालं." वहीत लिहून ठेवलंय. ताट तिसऱ्यांदा टेकवताना जे म्हणायचं ते मात्र तिला आठवेना. तोंडाशी येतंय आणि निसटतंय असं म्हणाली. "पुढच्या रविवारी ये, तवर आठवंल."

चंपाषष्ठीला अजून दीड महिना आहे. जाणार आहे.

उद्या श्लोक ६०.

राम कृष्ण हरी.